अडीच हजार सूर

२०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हा माझी नात सुटीत आमच्याकडे वळसंगला आलेली होती. होटगी रस्त्यावरच्या त्या विमानतळापायी आम्ही सोलापूरकरांनी काय काय पाहिलं ते सांगत बसलो तर लेख तिथंच संपेल. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली, त्याच्या आधी आणि नंतरही पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. असो. विमान आलं एकदाचं. आम्ही आजोबा-नात गच्चीवर उभं राहून ते दिसतं का म्हणून आभाळाकडे बघत होतो. दिसलं. नात ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, असलं विमान सगळ्यात पहिल्यांदा कोण उडवतं? म्हणजे ते उडेल की पडेल हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा?"

"त्यासाठी वेगळी माणसं असतात. टेस्ट पायलट म्हणतात त्यांना."

"बायका असतात त्यात?"

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. बँकेतल्या नोकरीची सगळी वर्षं मी कर्जाच्या कागदांवर सह्या करण्यात घालवली. 'जोखीम' हा शब्द रोज दहादा वापरला असेल. पण ती जोखीम खुर्चीत बसून घेतलेली आणि दुसऱ्याच्या पैशाची. यंत्र कुठवर ताणलं तर मोडतं हे पाहण्यासाठी स्वतः त्या यंत्रात बसायचं, हा धंदाच निराळा. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचं नाव मी तिला सांगितलं. १९८५ साली कलकत्त्याहून सिल्चरला गेलेलं विमान फक्त बायकांनी नेलं, तेव्हा त्या विमानाच्या कॅप्टन त्या होत्या. पण ते प्रवासी विमान, आधीच तपासून झालेलं. मग आश्रिता ओलेटी यांचं सांगितलं. आपल्या हवाई दलाच्या या अधिकारी २०२१ साली बंगळूरच्या टेस्ट पायलट स्कूलमधून देशातल्या पहिल्या महिला उड्डाण-चाचणी अभियंता म्हणून बाहेर पडल्या. म्हणजे चाचणीच्या विमानात बसून मोजमापं घेणाऱ्या.

उडवायचं आणि मोजायचं, ही दोन्ही कामं एकटीनं करणारी बाई मात्र ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेली, आणि तीही हिटलरच्या जर्मनीत. तिचं माहेरचं नाव मेलिटा शिलर. लग्नानंतर ती काउंटेस श्टाउफेनबर्ग झाली. त्या संध्याकाळी मी नातीला तिची अर्धीच गोष्ट सांगितली. पोरीच्या वयाला अर्धीच बरी, असं तेव्हा वाटलं.

मेलिटाचा जन्म ९ जानेवारी १९०३ चा, क्रोटोशिन या गावातला. गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. सोलापूरच्या सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. माणसं जागच्या जागी राहतात आणि सरहद्द त्यांच्या अंगावरून सरकते. वडील सरकारी अधिकारी. ते ज्यू घराण्यात जन्मलेले, पण तरुणपणीच प्रॉटेस्टंट ख्रिस्ती झालेले. घरात पाच मुलं. मेलिटाला गणित आणि पदार्थविज्ञान यांची ओढ. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातून १९२७ साली ती इंजिनिअर होऊन बाहेर पडली, तीही विमानशास्त्र हा खास विषय घेऊन. लगेच बर्लिनजवळच्या ॲडलर्सहोफ इथल्या विमान संशोधन संस्थेत तिला नोकरी लागली. काम विमानाच्या पंख्यांवर, म्हणजे प्रोपेलरवर. पात्यांचा कोन उडतानाच कमी-जास्त करता येईल असे पंखे तेव्हा नवे होते.

विमान चालवायला ती शिकली १९२९ मध्ये. आपण टेबलावर काढलेलं उत्तर हवेत खरं ठरतं की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात तिला समाधान नसावं. एकेका प्रकारच्या विमानाचे परवाने मिळवत तिनं त्या काळी मिळू शकणारे जवळजवळ सगळे खिशात घातले. अंगानं बारीक, बोलायला कमी, राहणी नीटनेटकी, आणि कामाच्या जागी कुणाला दचकून राहायची सवय नाही, असं तिचं वर्णन वाचायला मिळतं.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. माणसाचे आजी-आजोबा कोण होते यावरून त्याची नोकरी, लग्न आणि पुढे जगणंसुद्धा ठरवणारे कायदे एकामागून एक निघाले. आजी-आजोबांपैकी दोघं ज्यू असतील तर तो माणूस 'मिश्र रक्ताचा'. मेलिटा त्या रकान्यात बसत होती. तिचे वडील आयुष्यभर चर्चमध्ये जात आले, याला त्या कायद्यात किंमत नव्हती. १९३६ मध्ये संशोधन संस्थेनं तिला कामावरून काढलं.

आमच्या वळसंगला १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्यांच्या हस्ते इथल्या दलित वस्तीची विहीर खुली झाली. जन्मावरून माणसानं कुठलं पाणी प्यावं हे ठरवणारा समाज कसा असतो, हे वळसंगकराला जर्मन इतिहासाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्याच १९३७ सालात मेलिटाचं काय चाललं होतं पाहा. ऑगस्टमध्ये तिचं लग्न झालं अलेक्झांडर श्टाउफेनबर्ग यांच्याशी. ते प्राचीन इतिहासाचे अभ्यासक, जुन्या सरदार घराण्यातले. आणि ऑक्टोबरमध्ये सरकारनं तिला 'फ्लुगकापिटेन' म्हणजे विमान-कप्तान हा किताब दिला. हा किताब मिळवणारी ती जर्मनीतली दुसरीच स्त्री. ज्या सरकारच्या राज्यात रक्ताच्या कारणावरून नोकरी गेली, त्याच सरकारनं वर्षभरानं किताब दिला. हातातलं कौशल्य त्यांना हवं होतं, माणूस नको होता.

या वेळेपर्यंत ती आस्कानिया या खासगी कारखान्यात लागली होती. तिथं विमान आपोआप सरळ चालवणारी यंत्रं आणि बॉम्ब टाकण्यासाठी नेम धरायची उपकरणं यांवर काम चालायचं. १९३९ मध्ये युद्ध पेटलं. मेलिटानं रेड क्रॉससाठी काम करायची तयारी दाखवली होती, पण तिला पाठवण्यात आलं रेखलिनच्या हवाई दलाच्या चाचणी केंद्रावर. पुढं बर्लिनजवळच्या गाटोव्हला. तिथं तिच्या आयुष्यातलं मुख्य काम झालं, आणि ते जरा समजावून सांगायला हवं.

उन्हाळ्यात गावाकडची पोरं विहिरीच्या काठावरून सूर मारतात ते आपण पाहिलेलं असतं. डोकं खाली, पाय वर, सरळ पाण्यात. 'स्टुका' नावानं कुप्रसिद्ध झालेलं युंकर्स ८७ हे विमान असाच सूर मारायचं. उंचावरून जवळजवळ उभं खाली यायचं, नेम धरून बॉम्ब सोडायचा आणि जमिनीला भिडायच्या आत वर उसळायचं. विमान जेवढं उभं येईल तेवढा नेम अचूक. पण वारा, वेग, कोन, बॉम्ब सुटायचा क्षण यांचा हिशेब उपकरणानं करायचा तर ते उपकरण आधी शेकडो वेळा प्रत्यक्ष सुरात तपासायला हवं. मेलिटा चार हजार मीटर उंचीवर जायची आणि तिथून एक हजार मीटरपर्यंत सूर मारायची. अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर हा सगळा खेळ. तेवढ्यात काट्यांवर नजर ठेवायची, कोन आणि वेग टिपायचा.

खाली येण्यापेक्षा वर उचलणं भयंकर. त्या क्षणी शरीराचं वजन पाच-सहा पट होतं. पन्नास किलोच्या बाईचे अडीचशे-तीनशे किलो होतात. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढं आधी करडं होतं, मग काळं. कसलेले तरुण वैमानिक त्यात शुद्ध हरपून बसत. मेलिटा त्या वेळी चाळिशीच्या घरात होती. काही दिवस असे की पंधरा-पंधरा सूर एका दिवसात. संध्याकाळी उतरल्यावर घरी जाऊन आडवं व्हायचं नाही. टेबलाशी बसून दिवसभराच्या आकड्यांची गणितं करायची आणि उपकरणात काय बदलायचं ते ठरवायचं. सगळे मिळून असे सुमारे अडीच हजार सूर तिनं मारले. १९४३ च्या जानेवारीत तिला आयर्न क्रॉस हे युद्धातलं शौर्यपदक मिळालं. त्याच वर्षी स्टॉकहोमला जाऊन तिनं बायकांनी विमानांच्या चाचण्या करण्याविषयी व्याख्यानही दिलं.

इथपर्यंतची गोष्ट मी नातीला गच्चीवर सांगितली होती. तिनं डोळे मोठे करून ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांना माझ्यापेक्षा चांगली सांगितली. दिवाळीत ती पुन्हा आली तेव्हा उरलेली सांगायची वेळ आली. कारण ती बॉम्ब कुणावर पडले, असं तिनं विचारलंच.

१ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे स्टुका विमानांनी पोलंडमधल्या वेलुन या झोपलेल्या गावावर बॉम्ब टाकले. महायुद्धातल्या अगदी पहिल्या हल्ल्यांपैकी तो एक. त्यानंतर फ्रान्स झाला, रशिया झाला. मेलिटा जी नेमाची उपकरणं सुधारत होती ती याच जातीच्या विमानांसाठी. तिच्या गणितानं जेवढी चूक कमी झाली तेवढा बॉम्ब अधिक नेमका पडला. याला आडोसा घालून तिची गोष्ट सांगता येत नाही.

मग ती हे का करत राहिली? याचं उत्तर एका कागदात आहे. १९४१ साली तिला सरकारकडून 'आर्य वंशीयांच्या बरोबरीची' असं मान्य करणारा कागद मिळाला. माझी हयात कागदांत गेली आहे. सातबारा, जामीनपत्र, वारसदाखला. एका शिक्क्यानं माणूस तरतो आणि एका शिक्क्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो, हे मी काउंटरच्या अलीकडून पाहिलं आहे. पण माणसाला माणूस म्हणून जगू देणारा कागद मी कधी हाताळला नाही. मेलिटाचा कागद तिच्या कामावर टिकून होता, आणि तिच्या माहेरच्यांची सुरक्षितता बऱ्याच अंशी तिच्यावर. ती युद्धाला अत्यावश्यक असेपर्यंत म्हाताऱ्या वडिलांना आणि भावंडांना हात लागण्याची भीती कमी. म्हणजे उद्या सूर मारला नाही, तर परवा कुणीतरी क्रोटोशिनच्या जुन्या नोंदवह्या उघडायला मोकळं.

नातीनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तिनं गणित मुद्दाम का नाही चुकवलं?"

मी म्हणालो, चुकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच विमानात तीच बसणार होती. शिवाय इतरही वैमानिक होते, त्यांचे आकडे होते. चूक सापडली असती. हे उत्तर खरं आहे, पण पुरतं नाही, हे मला बोलतानाच कळत होतं. मला वाटतं, तिला चुकीचं गणित करताच येत नसावं. काही माणसं अशी असतात. आमच्या बँकेत एक रोखपाल होता, व्यवस्थापनावर त्याचा कमालीचा राग. पण संध्याकाळी एक रुपया जुळला नाही तर तो घरी जायचा नाही. कामावरची निष्ठा कुणाच्या कामी येते, हा प्रश्न त्या निष्ठेला पडत नाही. कादंबरीकार म्हणून मला मेलिटाला निर्दोष नायिका करायचा मोह होतो. तिच्या वहीचं डावं पान मात्र तसं करू देत नाही.

तिच्या शेजारी हाना राइच उभी करावी म्हणजे फरक दिसतो. फ्लुगकापिटेन हा किताब जर्मनीत सर्वात आधी मिळालेली स्त्री ती. मेलिटाहून नऊ वर्षांनी लहान, हसरी, बोलकी, कॅमेऱ्याची लाडकी. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ज्यांनी बिनइंजिनाचं विमान तरंगताना पाहिलं असेल त्यांना तिची मूळ विद्या कळेल; ती ग्लायडरमधून पुढं आली. १९४२ मध्ये मेसरश्मिट १६३ या रॉकेट जातीच्या विमानाच्या चाचणीत ती कोसळली, चेहरा आणि कवटी फुटली, आणि तरी शुद्ध जाण्याआधी नेमकं काय बिघडलं याची टिपणं काढली, असं तिनंच लिहून ठेवलं आहे. धाडसात ती कुणापेक्षा कमी नव्हती. पण हिटलरवर तिची श्रद्धा होती. १९४४ मध्ये वैमानिकांनी विमानासकट शत्रूवर कोसळावं अशी आत्मघाती पथकाची योजना घेऊन ती स्वतः त्याच्याकडे गेली. १९४५ च्या एप्रिलअखेर, चहूकडून तोफा चालू असताना, वेढलेल्या बर्लिनमध्ये ती त्याच्या तळघरात जाऊन आली. युद्धानंतरही तिनं त्या श्रद्धेकडे पाठ फिरवली नाही. १९५९ साली ती भारतात आली, तेव्हा पंडित नेहरू तिच्याबरोबर ग्लायडरमधून दिल्लीवर एक फेरी मारून आले. त्या फेरीत दोघं काय बोलली असतील, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. हाना १९७९ पर्यंत जगली. दोघी एकाच क्षेत्रात, एकाच काळात, पण त्यांचं कधी जमलं नाही. या दोघींवर क्लेअर मली या ब्रिटिश लेखिकेचं २०१७ साली आलेलं इंग्रजी पुस्तक आहे. मिळालं तर जरूर वाचावं.

मेलिटाचा सगळ्यात धाकटा दीर क्लाउस. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या बैठकीत बॉम्ब असलेली बॅग ठेवणारा कर्नल श्टाउफेनबर्ग तो हाच. आपल्याला विमानातून न्यायला येशील का, असं त्यानं आधी मेलिटाला विचारलं होतं, असं नंतर सांगितलं गेलं. तिच्या हाताशी असलेलं छोटं विमान त्या पल्ल्याला पुरणारं नव्हतं. बॉम्ब फुटला, हिटलर वाचला. क्लाउसला त्याच रात्री गोळ्या घातल्या. अलेक्झांडरचा जुळा भाऊ बेर्टोल्ड याला ऑगस्टमध्ये फाशी दिलं. बायका, म्हातारे, पुतणे-पुतण्या, कुणी सुटलं नाही; गुन्हा एकाचा आणि शिक्षा सगळ्या कुळाला, असा हुकूमच होता. अलेक्झांडर त्या वेळी सैन्यात, अथेन्सला. त्याला कटाची माहितीही नव्हती. तोही धरला गेला. मेलिटालाही अटक झाली.

आणि मग पुन्हा ते काम आडवं आलं. तुरुंगातही तिची गणितं चालूच होती. सहा आठवड्यांनी, २ सप्टेंबरला, तिला सोडण्यात आलं, कारण तिच्याशिवाय चाचण्या अडल्या होत्या. फक्त श्टाउफेनबर्ग हे नाव लावायचं नाही. 'काउंटेस शेंक' एवढंच. ज्या नावानं बॉम्ब ठेवला ते नाव जर्मनीत उरू द्यायचं नव्हतं.

यापुढचे सात महिने मला तिच्या सगळ्या सुरांपेक्षा मोठे वाटतात. सरकारी विमान, सरकारी पेट्रोल आणि 'युद्धास अत्यावश्यक' हा शिक्का, यांचा तिनं एकच उपयोग केला. आज या तुरुंगात, उद्या त्या. अन्न न्यायचं, कपडे न्यायचे, एकाची खबर दुसऱ्याला पोचवायची. क्लाउसची बायको नीना गरोदर होती. तिच्यापर्यंत ती पोचली. नीनाला जानेवारीत कैदेतच मुलगी झाली. घरची मुलं नावं बदलून बाड साख्सा इथल्या अनाथालयात डांबलेली होती. १९४४ च्या नाताळात मेलिटा तिथं जाऊन त्यांना भेटली. आपले आई-बाप, काका जिवंत आहेत की नाहीत हे माहीत नसलेल्या त्या पोरांना घरचं एक माणूस दिसलं. वसंतात कुटुंबातले मोठे कैदी बुखेनवाल्डच्या छळछावणीत आहेत हे कळल्यावर ती छोट्या विमानातून छावणीवर गेली, खाली उतरत घिरट्या घातल्या. आतल्यांनी हात हलवले. त्यांनी ओळखलं की ही आपलीच.

एप्रिलच्या सुरुवातीला कैद्यांना बुखेनवाल्डहून दक्षिणेकडे हलवलं. नवरा नेमका कुठं नेला, याचा माग काढत मेलिटा ८ एप्रिल १९४५ रोजी बव्हेरियात श्ट्राउबिंगजवळ रेल्वेरुळांच्या कडेनं अगदी खालून उडत चालली होती. विमान शिकाऊ जातीचं, बिनशस्त्र. अमेरिकेच्या एका लढाऊ विमानानं ते टिपलं. एवढ्या जखमा होऊनही तिनं विमान शेतात नीट उतरवलं. इस्पितळात नेल्यावर काही तासांत ती गेली. वय बेचाळीस. बरोबर एक महिन्यानं, ८ मे रोजी, युरोपातलं युद्ध संपलं.

अलेक्झांडर सुटला. पुढं म्युनिकला तो प्राचीन इतिहासाचा प्राध्यापक झाला. मेलिटाला श्ट्राउबिंगच्या स्मशानात पुरलं होतं. युद्ध संपल्यावर त्यानं तिचा देह तिथून हलवला आणि लाउटलिंगनला, श्टाउफेनबर्गांच्या गावी नेला.